निम्मी शक्यता

"तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार तुम्हाला होणार नाही."

श्रेयसने समोरचा रिपोर्ट स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, श्वेताने, डोळे मिटून घेतले.

श्रेयसच्या वडिलांना, मधुकरना, पंचेचाळिशीत तो आजार सुरू झाला होता. आधी हात आपोआप हलू लागले, मग तोल गेला, मग बोलणं. आजोबाही असेच गेले होते. रक्तातून उतरणारा आजार. मुलात येण्याची शक्यता निम्मी. श्रेयसने तपासणी कायम टाळली. हातातून कप निसटला तरी दिवसभर तो स्वतःचे हात न्याहाळत राहायचा. आई, क्षमा, मात्र म्हणायची, "तुला काही होत नाही रे." आईच ती, दुसरं काय म्हणणार?

दोन वर्षांपूर्वी श्वेताला दिवस गेले, तेव्हा तो म्हणाला होता, "हे भोग मी पोराच्या वाट्याला येऊ देणार नाही." श्वेता खूप भांडली, रडली आणि शेवटी गर्भपाताला तयार झाली. हॉस्पिटलात तिच्यासोबत क्षमाच होती. त्यानंतर पुन्हा दिवस राहिलेच नाहीत. आता टेस्ट ट्यूबने करायचं, निरोगी गर्भ निवडून घ्यायचा, असं ठरलं. त्यासाठी आधी श्रेयसची तपासणी हवी होती, म्हणून तो इथवर आला.

अंधेरीहून दोघं रिक्षाने थेट पार्ल्याला, आईबाबांकडे निघाले. वाटेत श्वेता एकदाच बोलली.

"म्हणजे ते बाळही निरोगीच होतं."

श्रेयसने बाहेर बघितलं.

घरी क्षमा मधुकरना मऊ भात भरवत होती. श्रेयसने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि नुसती मान हलवली. मधुकरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

श्रेयस त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, मी घाबरलो आणि ते मूल घालवलं. काहीच कारण नव्हतं."

मधुकर काहीतरी बोलले. शब्द एकमेकांत अडकले. त्यांचं बोलणं आता फक्त क्षमाला कळायचं.

"काय म्हणतायत?" श्वेताने विचारलं.

क्षमाने पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं.

"म्हणतायत, आता तरी सांग." ती श्रेयसकडे न बघता म्हणाली, "आजोबांचे हाल बघून यांनी ठरवलं होतं, आपलं रक्त पुढे न्यायचं नाही. डॉक्टरांकडून दुसऱ्या कुणाचं बीज घेतलं. तू यांचा नाहीसच."