निकमांची थोरली

बाळांनो, मनात चित्र आणा: १९९४ साल, साताऱ्यात गणपतीची तुफान गर्दी. इस्लामपूरहून आलेले एक अनोळखी पाहुणे नऊ वर्षांच्या क्रांतीला म्हणाले, "बाळ, आरास दाखवतेस का?" पण प्रत्येक मांडवात त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"निकमांचं घर कुठलं गं? वडील कधी घरी असतात? थोरली एकटीच घर सांभाळते म्हणे?"

ते तर क्रांतीचंच घर! हा चोरच, म्हणून त्याला घाबरवायला ती म्हणाली, "थोरली व्हय? लय वंगाळ! मुसळ घेऊन मागं लागती."

पाहुण्यांनी पिशवीतून चष्मा काढला, तशी वडिलांनी स्थळासाठी पाठवलेली ताईची पत्रिका खाली पडली.

क्रांतीनं ती उचलून दिली आणि त्यांचं बोट धरलं. "चला काका, पहिल्या गणपतीपासून परत दावते. मघाशी मी दुसऱ्याच निकमांचं सांगितलं."