खालून कापलेली बातमी

"हा मथळा तुमचाच ना?" पत्रकारितेच्या प्राध्यापिकेनं पिवळं पडलेलं कात्रण निवृत्त उपसंपादक दाभाडकरांपुढे ठेवलं. अणुचाचणीच्या बातम्यांवर तिचं संशोधन चाललं होतं.

"माझाच. त्या दिवशी ऑफिसात आम्ही पेढे वाटले होते."

"पण चाचणीजवळच्या गावाबद्दल यात एक अक्षर नाही."

दाभाडकरांनी चष्मा काढून पुसला. "होतं. वार्ताहरानं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. ऐन वेळी अभिनंदनाची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. बातमी आम्ही नेहमी खालूनच कापायचो."

"काय होतं त्यात?"

"घरांना तडे गेले होते. एक बाई वार्ताहराला विचारत होती, आता विहिरीचं पाणी लेकरांना पाजायचं का?" ते कात्रणाकडे बघत राहिले. "तिचा प्रश्न वाचणारा मी एकटाच होतो, मॅडम. आणि तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता."