सातवी सही

"अब एक-एक करके सब के फादर को फोन लगाती हूं," कावेरी मॅडम समोर उभ्या असलेल्या सात मुलींना म्हणाल्या.

टेबलावर परवानगीच्या सात एनओसी पसरल्या होत्या. खाली बस उभी होती, रास अल खैमाला निघालेली. चार वाजता फुटबॉलची फायनल. या देशात एनओसीवाचून पान हलत नाही. मुलीला कॉलेजच्या टीमबरोबर दुसऱ्या अमिरातीत जायचं तर बापाची सही हवी. सीझनभर त्या कागदांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नेमकं आजच ऑफिसच्या कावेरी मॅडमना दिसलं की बहुतेक सह्यांच्या शेपट्या एकाच बाजूला वळतात. वळणारच. सातांतल्या सहा सह्या त्यांच्यातल्याच जैनबने केल्या होत्या. एकाच बैठकीत, कँटीनमध्ये, इथला दाट, कडक करक चहा पीत.

सातवी तिच्या स्वतःच्या कागदावरची. ती तेवढी अस्सल होती.

कॉलेजात मुलींचा फुटबॉल, सात-सात जणींचा, यंदाच सुरू झाला होता. मुलांच्या जुन्या जर्सी मिळाल्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. पहिली मॅच नऊ-शून्यने हरल्या, त्यातला एक गोल तर त्यांनी आपल्याच जाळ्यात मारला होता. त्यानंतर जैनब गोलकीपर झाली आणि टीमने हरायचं हळूहळू सोडून दिलं. घरी मात्र कुणाची विचारायची हिंमत नव्हती. टीममधल्या दियाचे वडील मुरलीधरकाका म्हणायचे, इंजिनियरिंगला आलीस की लाथा मारायला? सुमैय्याच्या घरी तर हाफ पँट हा शब्दसुद्धा चालायचा नाही. मग सह्यांचं काम जैनबकडे आलं.

"You're so lucky, yaar," दिया तिला म्हणायची. "तुझे अब्बा किती कूल आहेत."

होतेच. तिला गोलकीपिंग शिकवलं होतं ते अब्बांनीच. तरुणपणी ते हर्णैच्या पुळणीवर खेळायचे. अजमानच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर शुक्रवारी लुंगी खोचून तिला पेनल्टी मारायचे आणि चपला उडाल्या की दोघं पोट धरून हसायचे. एनओसीवर सही करून त्यांनी रोल्ला बाजारातल्या दुकानाचा शिक्काही उठवला होता. "स्टॅम्पशिवाय इथे सहीला कोण विचारतो?" असं वर ऐकवलंही होतं. जैनबला त्याचा गर्व होता. बाकीच्यांच्या बापांची तिला थोडी कीव यायची, खोटं कशाला बोला.

पहिला फोन मुरलीधरकाकांना लागला. स्पीकरवर.

"दिया की एनओसी पे साइन आपने ही किया है ना?"

दियाने डोळे मिटले.

"हां मॅडम, मेरा ही है," मुरलीधरकाका म्हणाले. "जल्दी में किया था, टेढा आया होगा."

दियाला रडूच फुटलं. सान्वीच्या पप्पांनी "ऑफकोर्स" म्हणून फोन ठेवला. सुमैय्याचे वडील खाकरून म्हणाले, "मैंने ही दिया परमिशन. यल्ला, चलो मॅडम, छोडो बच्चियों को, मॅच छूट जाएगी." एकेक करून सहाही बाप हो म्हणाले. रात्री घरी एकेकीची काय पूजा बांधली जाणार होती ते दिसतच होतं, पण परक्या माणसापुढे कुणी आपली पोर उघडी पाडली नाही. जैनबला स्वतःचीच लाज वाटली. काय काय समजत होतो आपण या लोकांना!

आता अब्बांचा फोन म्हणजे नुसता उपचार. ती बॅग खांद्याला लावून तयारच झाली.

"जहूरभाई, आपकी बेटी आज फुटबॉल खेलने जा रही है. एनओसी पे आपका साइन और दुकान का स्टॅम्प है. आपने ही दिया है ना?"

अब्बा उत्तर देणार तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला. "कोण खेळतंय फुटबॉल? आपली जैनब?" मुझम्मिलचाचा. अब्बांचे थोरले भाऊ. दुकानाचं लायसन्स त्यांच्या नावावर, घरातला शब्दही त्यांचाच.

"नहीं मॅडम," अब्बा म्हणाले. आवाज चांगला मोठा, चाचांना ऐकू जाईल असा. "मैंने कोई साइन नहीं किया. स्टॅम्प तो काउंटर पे पडा रहता है, लडकी ने मार लिया होगा."

जैनबला आधी वाटलं, अब्बा मस्करी करताहेत. आता हसतील. ते हसले नाहीत. तिचे कान तापले. चाचांना घाबरता, ठीक आहे, सगळेच घाबरतात. पण चोर मला ठरवलंत? तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की तुम्ही त्या दिवशी नाश्त्याला बसून सही केलीत, मी समोर होते, अम्मी समोर होती. पण ओरडली असती तर मॅडमनी सातही कागद पुन्हा उजेडात धरले असते, आणि बस रिकामीच उभी राहिली असती. आळ स्वतःवर घेतला, तर बाकी सहा जणींना तरी खेळता आलं असतं. गोलमध्ये सान्वी उभी राहिली असती.

"तो ये साइन किसका है?" मॅडमनी विचारलं. फोन अजून चालूच होता. अब्बा ऐकत होते. जैनब थांबली. त्यांना बोलायला पुरेल इतका वेळ थांबली.

खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"मेरा है, मॅडम," ती म्हणाली. "अब्बा को कुछ नहीं पता."

टेबलावरच्या सात सह्यांपैकी जी एकच तिने केली नव्हती, तेवढीच तिने कबूल केली.