मास्तरांचा नेम

मास्तरांनी फेकलेलं ढेकूळ नेमकं कोल्ह्याच्या पिल्लाच्या पाठीवर जाऊन फुटलं. चुकेल कसं? उभी हयात शाळेत ड्रिलमास्तर म्हणून काढलेली. मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या पोराच्या कानशिलावर त्यांचा खडू असा बसायचा की शेजारच्याला धूळसुद्धा लागत नसे.

पिल्लू केकाटलं आणि पळालं. पण कुठे, तर थेट मास्तरांच्या मुलाकडे. त्याच्या दोन बुटांच्या मधे शिरलं आणि थरथरत बसलं.

"म्हणून म्हणत होतो, बाबा, तुम्ही राहू द्या," मुलगा म्हणाला. तो स्वतः मघापासून ढेकूळ हातात घेऊन नुसताच उभा होता. शेवटी मास्तरांनीच ते त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. "आण इकडे, हे माझं काम!" म्हणत.

मुलगा इथे प्राण्यांचा डॉक्टर. शहराला खेटून असलेली अख्खी टेकडी कुणा बड्या असामीनं विकत घेऊन तिला कुंपण घातलं होतं, त्याला अभयारण्य म्हणायचं आणि फाटकावर तिकीट लावायचं. मास्तरही तिकीट काढूनच आत आले होते. डॉक्टरांचा बाप म्हणून सांगितलं असतं तर फुकट सोडलं असतं. पण आत निरोप गेला आणि पोरानं नाही म्हटलं, तर फाटकावरच नाक कापलं जायचं.

त्यांना मुलाला घरी न्यायचं होतं. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं. ती होती तोवर तिच्याशी फोनवर तरी बोलायचा. तिला पोचवून गेला तो गेला, पुन्हा उंबरठा ओलांडला नाही. लग्न नाही, दोस्त नाही, कुंपणाच्या आत एका खोलीत एकटा जीव सदाशिव. मास्तरांना कोडंच पडायचं. काय कमी केलं आपण याचं? तापानं फणफणला की मांडीवर घेऊन बसलो, आपल्या हातानं घास भरवले. आणि हो, हाणलाही! पट्ट्यानं हाणला, छडीनं हाणला, हाताला लागेल त्यानं हाणला. म्हणून तर डॉक्टर झाला ना? माणसांचा नाही तर नाही, जनावरांचा. लाडावलेल्या पोरांचे पुढे काय दिवे लागतात ते मास्तरांनी काय कमी पाहिलं होतं?

"पण बिघडलं कुठे?" त्यांनी हात झटकत विचारलं. "नेम तर बसला."

"नेम बसला हो." मुलगा वाकून पिल्लाच्या मानेवर बोटं फिरवत होता. मोठ्या रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या आईशेजारी सापडलं होतं ते. बाटलीनं दूध पाजून यानंच वाढवलं. आज त्याला कुंपणापलीकडच्या रानात सोडायचं होतं, पण त्याआधी त्याच्या मनात माणसाची भीती घालायला हवी होती. नाहीतर पहिल्याच वस्तीत ते लाडानं शेपूट हलवत शिरलं असतं आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात दगड घातला असता. "पण तुम्ही त्याला परके. परक्यानं मारलं की ते माझ्याकडे येतं. आपलं एक माणूस आहे असं वाटतं त्याला अजून."

'परके' म्हटलेलं मास्तरांना झोंबलं.

मुलानं पिल्लाला उचलून कुंपणातल्या छोट्या दाराबाहेर सोडलं. ते जरासं पुढे गेलं, वळलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिलं. त्यानं ढेकूळ उचललं. फेकलं. पिल्लाला खेळच वाटला, ते उड्या मारत जवळ आलं. दुसरं ढेकूळ त्याच्या तोंडावर बसलं. तिथेच ते थबकलं. नाकातून रक्त आलं होतं. तिसरं बसलं तेव्हा मात्र जे सुसाट सुटलं, ते झुडपांत दिसेनासं होईपर्यंत एकदाही मागे वळलं नाही.

मुलगा कुंपणाची जाळी धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"परत आलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"नाही येणार. ज्यानं भरवलं त्यानंच मारलं, की मग ते कुणाच्याच जवळ जात नाही, बाबा. जन्मात नाही."

मास्तरांना गलबलून आलं. पोराचं काळीज अगदी आईवर गेलंय! आजवर जमलं नाही ते आता करावं, याला जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा आणि म्हणावं, चल बाळा, घरी जाऊ. त्यांनी हात उचलला.

कानांशी केस पांढरे झालेला तो डॉक्टर डोकं दोन्ही हातांत लपवून मटकन खाली बसला.