चौदावा प्रश्न

लातुरात औसा रोडवर दर चौकात अंबरीशचा हसरा फलक होता. कॉलेजात माझ्या तासाला बाक रिकामे असायचे आणि त्याच्या क्लासला तीनशे पोरं दाटीवाटीनं बसायची. तो माझाच विद्यार्थी, हे मी कुणाला सांगत नसे.

त्याच्या छापील प्रश्नसंचात चौदावा प्रश्न सापडला, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. 'अंड्याच्या कोरड्या भुकटीत साल्मोनेला जंतू साठवणीत मरून जातात.' उत्तर: बरोबर.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीत आलेल्या अंड्याच्या भुकटीचा एक डबा मी प्रयोगशाळेत वर्षभर तपासला होता. जंतू वाळले होते, मेले नव्हते. ओल मिळताच पुन्हा वाढत होते.

मी मुद्दाम भर वर्गात गेलो आणि पोरांसमोर म्हणालो, "अंबरीश, हे साफ चूक आहे."

त्यानं पाया पडून मला खुर्ची दिली. मग कपाटातून आपली जुनी वही काढली. "सर, एक्क्याण्णवला तुम्हीच लिहून घ्यायला लावलं होतं की. आमच्या समद्यांच्या वहीत हेच हाय."

"मला चौऱ्याण्णवला कळलं," मी पुटपुटलो.

"मग चौऱ्याण्णवच्या पोरांना सांगितलं असंल न, सर?"

त्यांनाही मी जुनंच लिहून दिलं होतं, कारण माझ्या तपासणीवर माझाच भरवसा नव्हता. तो भरवसा आज पहिल्यांदा बसला होता, तोही अंबरीश चुकला म्हणून.