लाथ आणि नमस्कार

"मार!" दत्तप्रसाद गालिच्यावर पडल्या पडल्या ओरडला.

लाल डगला घातलेल्या त्याच्या मुलाने, सिद्धांतने, लाकडी बंदुकीचा दस्ता त्याच्या पाठीत हाणला आणि कमरेत लाथ घातली. मग लगेच वाकून, पाय लागला तिथे हात लावून, तो छातीशी नेला.

"झालं! पुन्हा नमस्कार!"

अबू धाबीतल्या अमेरिकन शाळेचं नाटक शनिवारी होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांचे शिपाई एका शेतकऱ्याच्या घरात घुसतात आणि लपवलेल्या बंदुका शोधताना त्याला तुडवतात, असा प्रवेश. सिद्धांत त्या शिपायांचा सार्जंट. पण पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईने रांगत्या वयापासून अंगात मुरवलेलं. तालमीत तो शेतकऱ्याला लाथ मारून वर नमस्कार करायचा आणि वर्ग खो खो हसायचा. टीचरनी बजावलं होतं, ही सवय सुटली नाही तर काम वर्गातल्या कुशलला. इकडे दत्तप्रसादने तर ऑफिसभर निमंत्रणं करून ठेवलेली. उतावळा नवरा म्हणतात तशातली गत.

"यू आर अ सोल्जर," तो म्हणाला. "समोर माणूस आहे हे विसर. यल्ला, चल लवकर!"

लाथ. नमस्कार.

"अरे, आमचा जन्म गेला येस सर करत वाकण्यात. तू कशाला वाकतोस? पुन्हा!"

लाथ. हात अर्ध्यावर येऊन घुटमळला.

"अहो, पुरे," अनुपमा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "चेहरा बघा त्याचा."

"तू मध्ये पडू नकोस. सिद्धांत, जोरात! मुळमुळीत कुठला! कुशलच बरा तुझ्यापेक्षा."

सिद्धांतचे कान लाल झाले. पुढची लाथ बरगडीवर बसली आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं. दत्तप्रसादचा श्वासच अडकला. सिद्धांत ताठ उभा होता, दोन्ही हात बंदुकीवर.

"शाब्बास," दत्तप्रसाद कसाबसा म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात आनंदही होता, खोटं कशाला बोला. "खलास. जमलं तुला."

तो कोपरावर रेलून उठू लागला. तेवढ्यात दस्ता त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, रक्त गालिच्यावर ठिबकलं.

"बाबा आहे रे मी!"

"गेट अप," सिद्धांत म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, पण बंदूक नाही. त्याने पुन्हा बरगडीत लाथ घातली, आणि आणखी एक. मग बूट तोंडाच्या दिशेने उचलला.

अनुपमाने मध्ये अंग टाकलं. लाथ तिच्या खांद्यात बसली, तरी तिने तो बूट दोन्ही हातांनी धरला आणि कपाळाशी घट्ट दाबला.

"पाया पडते तुझ्या," ती म्हणाली. "सोड त्यांना."