धुरपदाबाईंचं पहिलं कॉमिक

धुरपदाबाईंनी कॉमिकचं पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रं त्या स्वतः बघत होत्या, अक्षरांसाठी नात चंचल शेजारी बसली होती.

"हाई बाई उडी ऱ्हायनी. पडत नही का?"

"नाही आजी. ती सुपरहीरो आहे."

"हीरो तर माणूस ऱ्हास."

"बाई पण असते."

धुरपदाबाईंनी ते मनाशी घोळवून पाहिलं. सून सुषमा समोर बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. सासूबाई आता त्या बाईच्या आखूड कपड्यांवर घसरणार, असं तिला वाटलं. पण त्यांची अडचण वेगळीच होती.

"मंग मांगला पानवर हापिसमा बशेल व्हती, ती कोन?"

"तीच. पण तिच्या घरी कुणाला माहीतच नाही. सगळ्यांना वाटतं, ही साधीच."

"मंग घरमा काय सांगीसन जास?"

चंचलनं पान चाळलं. "ते लिहिलं नाहीये."

"भाजी लेवाले जास, आसं सांगत व्हई," धुरपदाबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

सुषमाच्या हातातली टिकली भलत्याच जागी चिकटली.

मोपेड शिकायची नाही, हातपाय मोडून घेशील, असं नवऱ्यानं, भूपेंद्रनं, तिला बजावलं होतं. तरी महिनाभर ती शेजारच्या नूतनच्या मोपेडवर नवागामच्या मोकळ्या मैदानात शिकत होती.

"तुमले कसं समजनं, आई?"

"भाजी लेता कोपर नही खरचटत."

सुषमानं मान खाली घातली. आता हे भूपेंद्रच्या कानावर जाणार आणि शिकणं संपणार. धुरपदाबाईंनी शांतपणे पान उलटलं.

"सकाय माले बमरोलीले लई जाय. मनी बहीण तठे शे. भूपेंद्रले कव्हयच येळ नही."

दुसऱ्या दिवशी सुषमानं तोंडाला ओढणी गुंडाळली, डोळ्यांवर गॉगल चढवला, लांब हातमोजे आणि नूतनचा पांढरा कोट घातला. सुरतेतल्या बाया उन्हात निघतात तशी. धुरपदाबाईंनी मोपेडवर मागे बसून तिचा खांदा घट्ट धरला आणि बमरोली येईपर्यंत पुरतील इतक्या देवांची नावं घ्यायला सुरुवात केली.

पांडेसराच्या सिग्नलला त्यांच्या शेजारी एक सायकल येऊन थांबली. मिलमधली पाळी संपवून घरी निघालेला भूपेंद्र.

"माय? तू कथी चालनी?"

"बमरोलीले."

त्यानं गाडी चालवणारीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सुषमा समोरच्या लाल दिव्यावरून नजर हलवेना.

"आन् ह्या बेन कोन?"

"त्या नाव नही सांगतीस," धुरपदाबाई म्हणाल्या आणि सुनेच्या पाठीवर थाप मारली. "चला बेन. हिरवा व्हई गया."